एव्ही-टू-एचडीएमआय डबी: कुणी घ्यावी, कुणी नको

कॅसेटचा टीव्ही गेम किंवा प्लेस्टेशन २ नव्या टीव्हीला जोडायचा म्हटलं की सोलापुरात नवी पेठेतले दुकानदार बहुधा हीच डबी पुढे करतात. जुन्या पिवळ्या वायरीच्या (एव्ही) सिग्नलचं एचडीएमआय करणारी, बिनब्रँडची, काडेपेटीहून जरा मोठी, पाचशेच्या आसपास. घेताना वरची अक्षरं वाचा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ ही उलट्या कामाची डबी हुबेहूब अशीच दिसते.

टीव्हीमागे ३.५ मिमीचं एव्हीचं छिद्र असेल तर आधी तेच वापरा. मात्र त्याची वायर टीव्हीप्रमाणे बदलते. पिनवर ग्राउंडची (परतीच्या जोडणीची) जागा चुकली की चित्र येत नाही किंवा आवाजात घरघर येते.

डबीला वेगळा ५ व्होल्टचा चार्जर द्या. टीव्हीच्या यूएसबीवर वीज कमी पडली तर चित्र मध्येच जातं.

आता चित्र. येतं, एवढंच. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र येतात, म्हणून अक्षरांच्या कडेला ठिपके रांगतात. ७२०पी-१०८०पीचं बटण फक्त आकार बदलतं, तपशील वाढवत नाही. खरी गोची कॅसेटच्या गेमची. ते कमी ओळींचं पण सलग चित्र पाठवतात आणि डबी त्याला इंटरलेस (एकाआड एक ओळी दोन खेपांत पाठवलेलं चित्र) समजून दोन फ्रेम एकमेकांत कालवते. मार लागल्यावर लुकलुकणारा हीरो मग पट्ट्यापट्ट्यांत दिसतो. आपल्याकडचे गेम बहुधा पाल या जुन्या टीव्ही पद्धतीचे, म्हणजे ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० चित्रं). बऱ्याच डब्या बाहेर ६०च पाठवतात, त्यामुळे सरकणारी पार्श्वभूमी अडखळते. चित्र आडवं ताणलं जातं ते वेगळंच. टीव्हीत ४:३ निवडा, पण एचडी सिग्नलला काही टीव्ही तो पर्यायच देत नाहीत. गेम मोड चालू, शार्पनेस खाली आणि नॉइज रिडक्शन बंद, एवढं तरी कराच.

टीव्हीला एव्हीचं छिद्र नसेल तर कॅसेटवाल्यांना दुसरा स्वस्त इलाज नाही, त्यांनी घ्यावी. प्लेस्टेशन २ वाल्यांनी अजिबात नको. त्यांनी कॉम्पोनंट वायर घ्यावी: हिरवी, निळी, लाल चित्राला, पांढरी आणि दुसरी लाल आवाजाला. दोन लालमध्ये हमखास गल्लत होते. वायर बदलण्याआधी, जुन्या पिवळ्या वायरीवरच, डिस्क न घालता सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडा आणि कॉम्पोनंट व्हिडिओ आउट ‘आरजीबी’वरून ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’वर न्या. हे राहिलं की रंग पार बिघडतात आणि दोष वायरीवर येतो.

टीव्हीला कॉम्पोनंटची छिद्रं नसतील तर ‘पीएस२ टू एचडीएमआय’ अडॅप्टर चालतो, सेटिंग तेच. तो चित्र मोठं करत नाही, जसं येतं तसं पुढे पाठवतो. त्यामुळे प्लेस्टेशन १ च्या डिस्क लावल्या की त्यांचं कॅसेटसारखंच कमी ओळींचं चित्र काही टीव्ही घेत नाहीत आणि ‘नो सिग्नल’ येतं.