सुमाया, गेतारिया की लेकेइतिओ? बास्क किनाऱ्यावर मुक्काम कुठे टाकायचा

स्पेनच्या सहलीची यादी माद्रिद-बार्सिलोनावरून उत्तरेकडे सरकली की सान सेबास्तियनचं नाव निघतंच. मग ऑगस्टमधले हॉटेलांचे दर दिसतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "तिथेच जवळ एखादं लहान गाव नाही का?" आहेत की, किनाराभर आहेत. पंचाईत अशी की फोटोत सगळी सारखीच दिसतात: लाल कौलं, लहानसं बंदर, मोठं चर्च, मागे हिरवा डोंगर. आम्ही तीन गावं पाहिली आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही हे तिथे गेल्यावरच कळलं. तुमचं आधीच कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी नावांचं बघू. उत्तर स्पेनच्या या भागाची स्वतःची भाषा बास्क. तिच्यात झेडचा उच्चार 'स' होतो, म्हणून नकाशावर 'झुमाया' वाचलंत तरी गाव सुमाया. टी आणि एक्स जोडून आले की 'च', म्हणून तिथली पांढरी वाइन चाकोली. सान सेबास्तियनलाही पाट्यांवर दोनोस्तिया म्हणतात. बस आणि ट्रेन शोधताना हे उपयोगी पडतं.

सुमाया आणि गेतारिया गिपुस्कोआ प्रांतात, एकमेकांचे शेजारी. लेकेइतिओ बिस्काइया प्रांतात, आणखी पश्चिमेला, बिल्बाओ आणि सान सेबास्तियन या दोन्हींपासून साधारण सारखंच लांब. ट्रेन फक्त सुमायाला जाते. ती एउस्कोत्रेनची मीटरगेज गाडी, सान सेबास्तियनहून पाऊण तासाच्या आसपास. गेतारियाला बस, नाहीतर शेजारच्या सारौत्सला ट्रेनने उतरून समुद्राच्या कडेकडेने चारेक किलोमीटर पायी. रस्त्यालगतचा हा रुंद पदपथ इतका सुरेख आहे की हवा बरी असेल तर बसच्या वाट्याला जाऊच नका. लेकेइतिओला मात्र गाडी नाहीतर बस. बिल्बाओहून बसला सव्वा-दीड तास लागतो, आणि शेवटचा पट्टा असा वळणावळणाचा की अंबोली घाट उतरणाऱ्यालाही आवळासुपारी काढावीशी वाटेल.

आता मुख्य मुद्दा. या किनाऱ्यावर हॉटेलाआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. तिथल्या बिस्केच्या उपसागरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. सकाळी जिथे मुलं चेंडू खेळत होती तिथे दुपारी वाळूच नसते. वर आपला तिथीचा हिशोब तिथे उलटा पडतो. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास. तिथे उन्हाळ्यात त्याच तिथींना सकाळी अकराच्या सुमारास ओहोटी असते. मी तोंडी हिशोब करून सगळ्यांना लेकेइतिओच्या बेटाकडे नेलं, आणि बेटाला जाणारा बांध पाण्याखाली! सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाकावर बसून त्यांनी शांतपणे लाडवाचा डबा उघडला. ते जास्त लागलं.

सुमाया पूर्णपणे या ओहोटीवर चालतं. इत्सुरुन हा तिथला मुख्य किनारा, मागे उंच कडा आणि कड्यावर सान तेल्मोचं छोटं देऊळवजा चॅपेल. कडा म्हणजे चिरोट्याचे पदर उभे करून ठेवावेत तसे दगडाचे थर. भूशास्त्रात याला फ्लिश म्हणतात. कोट्यवधी वर्षं खोल समुद्राच्या तळाशी एकावर एक साचलेला गाळ, पिरेनीज पर्वत उचलला गेला तेव्हा तिरपा-उभा झाला. कठीण चुनखडकाचे थर टिकतात, मधले मऊ झिजतात, म्हणून ओहोटीला पाणी हटलं की दगडी फासळ्या दूरवर समुद्रात गेलेल्या दिसतात. भरतीला यातलं बरंचसं पाण्याखाली. म्हणजे चुकीच्या वेळी गेलात तर तुम्ही एक बरा समुद्रकिनारा बघून परत याल.

आणि या थरांत एक काळपट मातीची पट्टी आहे, जेमतेम काही सेंटिमीटरची. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले, ती सीमा. अ‍ॅमोनाइट नावाचे शंखवाले जीवही तेव्हाच संपले. पीटर वॉर्ड या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञाने इथे त्यांचे अवशेष शोधले, तेव्हा आधी वाटलं की ते या पट्टीच्या बरेच खाली, म्हणजे बरेच आधी संपत आले होते. पुढे याच उपसागराच्या काठी फ्रान्सच्या बाजूला शोध घेतल्यावर ते थेट सीमेपर्यंत सापडले. मी हे सगळं उभ्या उभ्या ऐकत होते आणि डोक्यात भलतंच चाललं होतं. ही पट्टी साचत होती त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्यातून पुढे सह्याद्री कोरला गेला. डायनासोर उल्केने गेले की त्या लाव्ह्याने, की दोन्हींनी मिळून, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. रायगडाच्या काळ्या पाषाणाचा आणि या गावाच्या चिखलाचा हिशोब एकाच पानावरचा आहे. मराठी माणसाने मुद्दाम जावं असं युरोपात फार काही नाही. ही पट्टी आहे.

एवढं ऐकूनही "दगड बघायला कशाला जायचं" असंच वाटत असेल तर सुमाया तुमच्यासाठी नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. गाव तसं साधं, कामाधामाचं आहे. ड्रॅगनवाल्या गाजलेल्या इंग्रजी मालिकेचं चित्रीकरण इत्सुरुनवर झालं, त्यामुळे सेल्फीवाले भेटतात. दगडांत रस असेल तर गावातल्या आल्गोरी केंद्रातून मार्गदर्शकासह पायी किंवा होडीतून फेरी घ्या. होडी उत्तम, कारण थरांची रचना समुद्रातूनच नीट कळते. इंग्रजीतल्या फेरीचा दिवस आधी विचारून ठेवा. धट्टेकट्टे असाल तर सुमाया ते देबा ही कड्यांवरची चौदाएक किलोमीटरची वाट चाला आणि ट्रेनने परत या. चढउतार दमवणारे आहेत, चपला घालून जाऊ नका. आणि कड्याच्या अगदी पायथ्याशी सतरंजी टाकू नका, वरून दगड सुटतात.

गेतारिया याच्या अगदी उलट. तिथे ओहोटी असो नाहीतर भरती, घड्याळ एकच, जेवणाचं.

गाव एवढंसं की मुख्य रस्ता उतरायला दहा मिनिटं लागत नाहीत. उतारावरच्या सान साल्वादोर चर्चची जमीनही तिरपी, आणि चर्चच्या खालून चक्क एक बोळ बंदराकडे जातो. या एवढ्याशा गावाने दोन जगप्रसिद्ध माणसं दिली. एक हुआन सेबास्तियन एल्कानो. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेल्यावर उरलेलं जहाज घेऊन १५२२ मध्ये अठरा माणसांनिशी स्पेनला परतला तो हाच. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी त्याने केली, नाव मॅगेलनचं झालं. गावाला ते अजून सलतं, हे पुतळ्यांवरून कळतं. दुसरा क्रिस्तोबाल बालेन्सियागा, १८९५ साली जन्मलेला कोळ्याचा मुलगा. आई शिवणकाम करायची, आणि पुढे पॅरिस त्याच्या कात्रीपुढे मान तुकवायचं. २०११ साली उघडलेलं त्याचं संग्रहालय मला फॅशनमधलं ओ की ठो कळत नसूनही आवडलं. खांदा आणि बाही जिथे जुळते तिथली शिवण बघून सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर घरचे ब्लाउज स्वतः शिवले, एका कोटासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या. पाऊस लागला तर या तिन्ही गावांतलं डोकं झाकून दोन तास घालवावेत असं ठिकाण हे एकच. सोमवार मात्र टाळा.

बाकी गेतारिया म्हणजे मासा. रेस्टॉरंटच्या दाराबाहेर निखाऱ्यांवर जाळीच्या पिंजऱ्यात अख्खा टर्बॉट भाजत असतात. हा ताटाएवढा चपटा मासा, ना मसाला, ना पीठ, फक्त मीठ आणि वरून तेल-व्हिनेगरचा शिडकावा. कोकणातल्या माणसाला पहिले दोन घास अळणी लागतात. तिसऱ्या घासाला कल्ल्याजवळचा चिकट भाग तोंडात जातो आणि तक्रार संपते. भाव किलोवर असतो, म्हणून मासा निखाऱ्यावर चढण्याआधी वजन आणि किंमत विचारा. लाज वाटू देऊ नका, आपण मासळीबाजारात विचारतोच. ते परवडत नसेल तर बरण्यांतले खारवलेले अँचोव्ही घ्या. ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली मासळी. आणि बरोबर चाकोली, उंचावरून धार धरून ओतलेली, जराशी फसफसणारी, आंबटसर. त्याची द्राक्षं गावामागच्या उतारांवर, बरीचशी मांडवांवर चढवलेली. नाशिक-तासगावकडच्या माणसाला बाग ओळखीची वाटेल, फक्त खाली निळा समुद्र नवा.

पण रात्री? दुपारच्या जेवणाची गर्दी गेली की गेतारियात करण्यासारखं काही उरत नाही. बंदराच्या टोकाला सान आंतोन नावाचा डोंगर आहे, त्याच्या आकारामुळे त्याला 'गेतारियाचा उंदीर' म्हणतात. त्यावर चढून सूर्यास्त बघा आणि निघा. मुक्कामाचे पैसे इथे घालवू नका, ते माशावर घाला.

लेकेइतिओबद्दल लिहिताना माझा तोल सुटतो, तेव्हा जरा सावध वाचा. तिथे बघायला तसं सर्वांत कमी आहे. बंदराला लागून उशिराच्या गॉथिक शैलीतली बॅसिलिका, आत सोन्याने मढवलेली भव्य वेदी. समोर सान निकोलास बेट, ज्याला बास्कमध्ये गार्राइत्स म्हणतात. ओहोटीला दगडी बांध उघडा पडतो आणि चालत बेटावर जाता येतं, पण शेवाळाने निसरडा असतो, गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरूनच बघावं. परतीची वेळ विसरलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावर. इसुंत्साचा किनारा गावातच आणि तिन्ही गावांत लहान मुलांना पाण्यात सोडायला सर्वांत बिनधास्त.

आणि संध्याकाळ. सात वाजता अख्खं गाव बंदरावर उतरतं: आज्या, बाबागाड्या, शाळकरी पोरं, होड्या धुऊन आलेले कोळी. सगळीकडे बास्क ऐकू येते, स्पॅनिश क्वचितच. कुणी तुमच्याकडे पर्यटक म्हणून बघत नाही, कारण त्यांना त्यांच्या गप्पांतून फुरसत नसते. सुमाया आणि गेतारिया बघायची ठिकाणं आहेत, इथे नुसतं बसायचं असतं. म्हणूनच एका दिवसात लेकेइतिओ 'करणं' हा वेळेचा अपव्यय आहे. दोन रात्री नसतील तर जाऊ नका.

२९ जूनला जमलं तर जरूर जा. सेंट पीटरच्या दिवशी कोळी खांद्यावर एक पेटी घेतात आणि तिच्यावर उभा राहून एक नर्तक नाचतो. मच्छीमार संघाचे कागदपत्र ठेवायची पेटी ही. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या जत्रेत मात्र विचार करून जा: बंदरावर दोरीला हंस टांगतात आणि तरुण पोरं त्याच्या मानेला लोंबकळतात, दोर वरखाली करून त्यांना पाण्यात बुचकळतात. पूर्वी हंस जिवंत असायचा, आता नसतो. तरी मला बघवलं नसतं.

शाकाहाराचं एकदाच सांगून टाकते, कारण तिन्ही गावांत कमी-अधिक तेच आहे. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, सगळीकडे मिळतं. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तळून मीठ भुरभुरून देतात, त्यावर सासूबाई तीन दिवस जगल्या. सॅलडमध्ये न सांगता टूना येतो, घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस असू शकतं, आणि इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज जमवायला परंपरेने कोकराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातलं दूध विरजवणारं द्रव्य, वापरतात. कडक पाळणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. ती सुमाया आणि लेकेइतिओत सापडणं सोपं. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच भाजी आणून ठेवा. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मागू नका, मिळणार नाही.

हवेचं म्हणाल तर जून आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये पाणी पोहण्याइतकं उबदार होतं, पण गर्दी आणि दर दोन्ही चढतात. बुरबुर पाऊस कुठल्याही महिन्यात येतो, त्याला ते सिरिमिरी म्हणतात, आणि छत्री उघडावी की नाही हे ठरेपर्यंत माणूस भिजतो.

तर हाताशी एकच रात्र असेल तर सुमायात राहा. सकाळी ओहोटीला इत्सुरुन, मग आस्किसूच्या टेकडीवरून द्राक्षमळ्यांतून पायी गेतारिया, दुपारी मासा, संध्याकाळी बसने परत. ओहोटी दुपारची असेल तर हाच दिवस उलटा फिरवा. बरोबर वडीलधारी मंडळी असतील तर चालणं गाळून दोन्हीकडे बस. दोन-तीन रात्री असतील, भाड्याची गाडी असेल किंवा कुठे पोचायची घाई नसेल, तर सरळ लेकेइतिओ, आणि बाकीची दोन परतीच्या वाटेवर. फक्त मासा हवा असेल तर सान सेबास्तियनहून दुपारपुरतं गेतारिया पुरे. तिन्ही एकाच दिवसात उरकणारा टॅक्सीचा बेत कुणी सुचवला तर नाही म्हणा. ओहोटी दिवसाउजेडी बहुधा एकदाच येते आणि ती एकाच वेळी सुमाया आणि लेकेइतिओ दोन्हीकडे गाठता येत नाही.