शी तपासायचं घरगुती किट: मी वापरलं, दादाला मात्र दिलं नाही

आतड्याच्या कॅन्सरसाठी शीमधलं रक्त शोधणारी फिट टेस्ट म्हणून असते, घरीच सॅम्पल घ्यायचं आणि लॅबला पाठवायचं, त्याचं किट मागवलं होतं त्याबद्दल लिहितेय. माझं वय ४९, त्रास काही नाही, डॉक्टर म्हणाल्या पंचेचाळिशी झाली की वर्षातून एकदा ही टेस्ट करत जा. पूर्वी पन्नाशीनंतर सांगायचे, पण आता कमी वयातही हा कॅन्सर दिसायला लागलाय म्हणून अमेरिकेत २०२१ पासून ४५ केलंय म्हणे.

किट आलं आणि ४ दिवस तसंच कपाटात पडून होतं, खरं सांगते, किळस वाटत होती. वापरलं तेव्हा कळलं की त्यात काहीच नाहीये. एक बोटाएवढी बाटली, झाकणालाच आतून काडी जोडलेली, काडीच्या टोकाला बारीक खाचा. कमोडवर चिकटवायला एक कागद देतात, म्हणजे शी पाण्यात पडत नाही. मग काडी ४-५ ठिकाणी नुसती फिरवायची, खाचा भरल्या की झालं, परत बाटलीत घालून झाकण कट्ट वाजेपर्यंत दाबायचं. जास्तीचं आपोआप निघून जातं, हाताला काही लागत नाही. २ मिनिटंसुद्धा नाही लागली. खाण्याचं पथ्यही नाही, जुन्या टेस्टला मांसाहार बंद ठेवायला लागायचा कारण तिला माणसाचं रक्त आणि मटणातलं रक्त वेगळं ओळखता यायचं नाही, ही फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडते, आणि डोळ्याला अजिबात न दिसणारं रक्तही पकडते.

आता तक्रारी. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना सॅम्पल घ्यायचं नाही, ही एवढी महत्त्वाची गोष्ट पत्रकाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात! मला पाळी संपायची वाट बघावी लागली, वाचलं नसतं तर उगाच पॉझिटिव्ह येऊन धाबं दणाणलं असतं. बाटलीवर तारीख घालायला विसरू नका, आणि सॅम्पल उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, उष्णतेने त्यातलं हिमोग्लोबिन खराब होतं आणि खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. पण माझी सगळ्यात मोठी तक्रार रिपोर्टबद्दल आहे. मोबाईलवर एका शब्दात "निगेटिव्ह". बस. पुढे काय, परत कधी, याचा काय अर्थ घ्यायचा, काही नाही. एका वेळच्या टेस्टमध्ये साधारण ५ मधला १ कॅन्सर सुटू शकतो, आणि कॅन्सर व्हायच्या आधीच्या ज्या गाठी असतात, पॉलिप म्हणतात त्यांना, त्या तर निम्म्याहून जास्त सुटतात कारण त्यांच्यातून रोज रक्त येतंच असं नाही. म्हणून तर ती दरवर्षी करायची. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बऱ्याचदा १० वर्षं लागतात, त्यामुळे एकदा सुटलं तर पुढच्या वर्षी सापडायची संधी असते. हे त्या मेसेजमध्ये २ ओळीत लिहिता आलं असतं. किटला ५ पैकी ४ स्टार, रिपोर्टला १.

आता दादाचं, खरं तर त्याच्यासाठीच हे लिहायला बसले. माझा रिपोर्ट आल्यावर फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं मलाही एक मागव ना, ४ महिने झाले, अधूनमधून रक्त पडतंय, मूळव्याध असणार." मी एकदम गप्पच झाले. ४ महिने! वहिनीलाही सांगितलं नव्हतं, मेडिकलमधून मलम आणून लावत होता. जिने चढताना धाप लागते म्हणून वय झालं म्हणत होता, ५६ वय आहे त्याचं. मी म्हटलं दादा, किट मिळणार नाही तुला, तू उद्या डॉक्टरकडे जायचं. त्याला राग आला, तुला चालतं मग मला का नाही म्हणे. अरे ते किट त्रास नसलेल्या माणसासाठी आहे रे! तुला रक्त डोळ्याने दिसतंय, मग न दिसणारं रक्त शोधून काय करायचंय? आणि चुकून निगेटिव्ह आलं तर तू आणखी ६ महिने मलम लावत बसशील.

वहिनीने दुसऱ्या दिवशी ओढून नेला. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९. डॉक्टर म्हणाले पुरुषाचं लोह असं कमी होत असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन चालणार नाही, रक्त कुठून जातंय ते शोधायचं. कोलोनोस्कोपी सांगितली, म्हणजे शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात ती. आदल्या रात्री ते पोट साफ करायचं औषध पिणं हाच काय तो त्रास, रात्रभर संडासात ये-जा, तपासणीला मात्र झोपेचं इंजेक्शन असतं, त्याला काही आठवतही नाही. अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. मोठी म्हणून तुकड्या-तुकड्याने काढली, तिथेच, पोट न फाडता. ८ दिवस बायोप्सीची वाट बघण्यात गेले, वहिनी रोज फोन करायची आणि काही न बोलता ठेवायची. कॅन्सर नाही आला. पण त्याच वाटेवर होती गाठ, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ६ महिन्यांनी परत बघायचंय.

त्यामुळे कोणी हे वाचून किट मागवणार असाल तर आधी स्वतःला विचारा. रक्त पडतंय का, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदललीय का, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही का, वजन आपोआप उतरतंय का, कारण नसताना थकवा येतोय का. यातलं एक जरी असेल तर किट नको, डॉक्टर. बहुतेक वेळा साधं काहीतरीच निघतं, मूळव्याध असेल तर मूळव्याध, पण ते डॉक्टरांनी बघून ठरवू दे, आपण मलम लावून नाही. आणि किट पॉझिटिव्ह आलं तर परत दुसरं किट करून बघू असं करू नका प्लीज, पॉझिटिव्हनंतर कोलोनोस्कोपीच करायची असते. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच असंही नाही, बऱ्याच जणांना नसतोच.

मी डॉक्टरांना दादाचा रिपोर्ट दाखवला तर म्हणाल्या, सख्ख्या भावाला एवढी मोठी गाठ निघाली म्हणजे आता तुमचं किटवर भागणार नाही, निगेटिव्ह आलं असलं तरी. दादाच्या मुलांनाही चाळिशीपासून तपासायला सांगितलंय. माझी कोलोनोस्कोपी पुढच्या मंगळवारी आहे, सोबत दादा येणारे.