दूध-दुभतं सोडलं आणि लेक निवली: रिफ्लक्स आणि दुधातलं प्रोटीन न सोसणाऱ्या बाळाच्या आईचा अनुभव

आधी निकाल सांगते. मांडीवर तान्हं आणि एका हातात फोन धरून वाचणाऱ्या आईला लांबण नको असते. बाळ सारखं दूध टाकत असेल (यालाच रिफ्लक्स म्हणतात), पाजताना पाठीची कमान करून रडत असेल आणि शीमध्ये आवेसारखा चिकटपणा किंवा रक्ताची रेघ दिसत असेल, तर डॉक्टरांशी बोलून आईनं स्वतःच्या जेवणातून दूध आणि दुधाचं सगळं दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून बघावं. आमच्या लेकीला गुण आला तो यानंच.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. लेक आता वर्षाची होत आलीय. दुसऱ्या महिन्यापासून ती प्रत्येक पाजण्यानंतर दूध टाकायची. सुरुवातीला डॉक्टरांनी काहीच दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात कच्ची असते. दूध टाकण्याचं प्रमाण चौथ्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि वर्षापर्यंत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. टाकूनही हसतंय, वजन वाढतंय, अशा बाळाला औषध लागत नाही आणि त्याच्या आईला पथ्यही लागत नाही. हे ठासून सांगते, कारण माझं वाचून कुणी उगाच दूध सोडलेलं मला आवडणार नाही.

आमची गोष्ट पुढे वेगळी झाली. ती पाजायला घेतलं की रडायची, दोन घोट घेऊन तोंड फिरवायची, रात्री पोट फुगून कळवळायची. वजनाचा काटा अडला आणि मग लंगोटात रक्ताची बारीक रेघ दिसली. मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की हे गाईच्या दुधातलं प्रोटीन न सोसण्याचं लक्षण असू शकतं. आई जे दूध पिते त्यातल्या प्रोटीनचा अगदी थोडा अंश अंगावरच्या दुधात उतरतो, आणि काही बाळांच्या आतड्याला तेवढाही पुरतो. यात तास-दोन तास ते दोन-तीन दिवस उशिरानं त्रास होतो, म्हणून रक्ताच्या तपासणीत बहुधा काही सापडत नाही. दूध बंद करून बघायचं, फरक पडला तर पुन्हा सुरू करून त्रास परततो का ते बघायचं, हीच खरी तपासणी. युरोप-अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की ॲसिड कमी करणारं औषध देण्याआधी दोन ते चार आठवडे हा प्रयोग करावा.

हे लॅक्टोज न पचण्यापेक्षा वेगळं आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर. लॅक्टोज-फ्री दुधात प्रोटीन जसंच्या तसं असतं, त्यामुळे अशा बाळाला त्याचा उपयोग नाही. आमच्या नात्यात दोघींनी तेच आणून दिलं होतं. म्हशीचं आणि शेळीचं दूधही चालत नाही, त्यातली प्रोटीनं गाईच्या दुधाशी फार मिळतीजुळती असतात. ‘शेळीचं हलकं असतं’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलं, की शेवटी डॉक्टरांना सासूबाईंसमोरच विचारलं. कुणी गाढविणीचंही सुचवलं. कच्चं दूध, कुठलंही असो, तान्ह्याला देऊ नये.

आता जेवणाचं. सांगली जिल्ह्यात दूध सोडणं किती अवघड आहे ते इथल्या बाईलाच कळेल. पलीकडे भिलवडीला चितळ्यांची डेअरी, घराघरात म्हैस, आणि बाळंतिणीचं खाणं म्हणजे दुधातले हळीव, तुपातले डिंकाचे लाडू, खीर, दुधातून शतावरी. सासूबाई पहिल्या दिवशी कळवळूनच म्हणाल्या, “अगं, बाळंतिणीनं दूध सोडलं तर अंगावर दूध येणार कुठनं?” त्यांना डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की अंगावरचं दूध बाळ ओढतं म्हणून येतं, आईनं पोटभर जेवावं आणि पाणी प्यावं म्हणजे झालं. त्यानंतर माझं पथ्य माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त सांभाळलं. तुपाचा डबा वेगळा ठेवला, माझ्या लाडवांना शेंगतेल वापरलं, आंबील ताकाशिवाय केली.

पथ्य अर्धवट केलं तर फुकट जातं. चहात दोन चमचे दूध, भातावर थोडं तूप, एवढ्यानंही उत्तर गढूळ होतं आणि आपण आठवडेच्या आठवडे उपाशी राहून काहीच कळत नाही. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा हे उघड झालं. लपलेलं जास्त छळतं: पाव, टोस्ट, खारी, बिस्किटं, हॉटेलातल्या रश्शातली साय, सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा. पाकिटावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिन’ हे शब्द शोधायचे. आपल्याकडे ॲलर्जीकारक घटक पाकिटावर लिहिणं बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कंटेन्स मिल्क’ ही ओळ आधी बघायची आणि मग बाकीचं वाचायचं. भडंग, भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, तेलाची पोळी, अंडं, मासे यावर मी व्यवस्थित राहिले.

कॅल्शियमकडे मात्र काणाडोळा करू नका. पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, तीळ आणि राजगिऱ्यातही भरपूर, तरी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाची गोळी मी एकदाही चुकवली नाही. दात-हाडं आपलीही आहेत.

फरक कधी पडला? रक्त आधी थांबलं, रडणं त्यानंतर उतरलं, आणि दूध टाकणं सगळ्यात शेवटी कमी झालं. पूर्ण थांबलं नाही, कारण झडप कच्चीच होती. पण टाकून ती पुन्हा प्यायला तयार असायची. माझ्यासाठी तो बदल डोळ्यांत पाणी आणणारा होता. नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा दूध घेऊन बघितलं. कळवळणं आणि आव दोन्ही परतले, तेव्हा शंका उरली नाही. त्रास बघवत नाही म्हणून ही पायरी गाळली जाते, पण तिच्याशिवाय आई विनाकारण महिनोनमहिने पथ्य करत राहते.

नोकरीवर परतल्यावर दिवसाच्या पाजण्यासाठी वरचं दूध लागलं. कंपनीचं नाव लिहिणार नाही. १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या वरच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे आणि ती मला मनापासून पटते. प्रकार सांगते: ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’, म्हणजे प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेली पावडर. ‘पार्शियली हायड्रोलाइज्ड’, म्हणजे अर्धवटच तुकडे केलेली, या कामाची नाही, डबा घेताना एवढा एक शब्द नीट वाचा. बारीक तुकड्यांची पावडरही न सोसणारी थोडी बाळं असतात, त्यांना अमिनो ॲसिडची पावडर देतात. वास उग्र, चव कडवट. लेकीनं सुरुवातीला तोंडच वेडंवाकडं केलं. पिळून काढलेल्या माझ्याच दुधात थोडी थोडी मिसळत प्रमाण वाढवलं, तेव्हा ती रुळली. शी हिरवट होते, त्यानं घाबरू नका. किंमत हा खरा घाव आहे. साध्या पावडरीपेक्षा कितीतरी महाग, आणि फक्त यावरच असलेल्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन-चार दिवस पुरतो. सांगलीत बऱ्याच मेडिकलमध्ये मागवावी लागते, म्हणून निम्मा डबा संपला की पुढचा सांगून ठेवायचा. अंगावरचं दूध पुरत असेल तर ह्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरणं आणि मधे मधे ढेकर काढणं उपयोगी पडतं. मालिश पाजण्याआधीच करायची, हे मावशींनी लगेच मान्य केलं. उताराची उशी घेऊ नका. झोपवताना सपाट गादीवर, पाठीवर. अमेरिकेत २०१९ साली फिशर-प्राइस या कंपनीनं उताराचे रॉक अँड प्ले झोपाळे बाळांच्या मृत्यूंनंतर परत मागवले आणि २०२२ मध्ये तिथे असे झोपाळे कायद्यानंच बंद झाले. ॲसिडचं औषध आम्हालाही काही दिवस होतं. त्यानं दूध टाकणं थांबलं नाही. मध चाटवणं वर्षाच्या आत नकोच.

आणि काही वेळा वाट बघायची नाही. उलटी हिरवी झाली, पहिल्या दोन-तीन महिन्यांत दूध प्रत्येक वेळी जोरात लांब उडालं, बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, तर तीही धावपळीचीच वेळ. अशा बाळाला दूध पुन्हा सुरू करायचं ते हॉस्पिटलातच, घरी नाही.

आमच्या लेकीला तसं कधी झालं नाही, म्हणून आता डॉक्टरांच्या सल्ल्यानं घरीच पायरी-पायरीनं दूध सुरू केलंय. आधी भट्टीत चांगलं भाजलं गेलेलं, कारण जास्त वेळ तापलेलं प्रोटीन बऱ्याच बाळांना लवकर सोसतं. दूध घातलेल्या बिस्किटाच्या चतकोरापासून सुरुवात केली, ते पचलं. मग घरी भाजलेला दुधाचा केक, तोही पचला. सध्या दूध घालून केलेल्या धिरड्यावर आहोत, एका पायरीवर काही दिवस थांबून शी बघतो. दही त्यानंतर. मी स्वतः पुन्हा दूध घ्यायला लागलेय आणि आतापर्यंत तिला त्याचा त्रास झालेला नाही.