कुकीज फार छान झाल्या, तेव्हाच शंका यायला हवी होती

वर्षअखेरच्या सुट्ट्यांत सगळे एकत्र जमणार होते आणि या वेळी ताटात असे काहीतरी हवे होते की जे माझे सासरे आणि माझी भाची दोघांनाही खाता येईल. सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, तर बहिणीच्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे गव्हातले ग्लुटेन हे चिवट प्रथिन तिच्या आतड्याला अंशानेही चालत नाही. एकाला कर्बोदके कमी हवीत, दुसरीला ग्लुटेन अजिबात नको. या दोन्ही अटी एकाच कुकीत बसवणे वाटते तेवढे सोपे नसते, कारण बाजारात ग्लुटेनमुक्त म्हणून मिळणाऱ्या बहुतेक कुकीज तांदळाच्या पिठाच्या, टॅपिओकाच्या किंवा मक्याच्या स्टार्चच्या असतात आणि त्यांत कर्बोदके गव्हाच्या पिठाइतकी किंवा त्याहून जास्तच असतात. म्हणून उरते ते बदामाचे पीठ, आणि साखरेऐवजी एरिथ्रिटॉल, म्हणजे गोड लागणारी पण रक्तातली साखर जवळजवळ न वाढवणारी पूड.

हे दोन्ही जिन्नस महाग. समाजमाध्यमावर घरगुती बेकिंगचे साहित्य विकणाऱ्या एका महिलेकडे दोन्ही एकत्र, नेहमीच्या भावाच्या साधारण दोनतृतीयांशात मिळत होते. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’, ‘शून्य साखर’, ‘मधुमेहींसाठी सुरक्षित’ असे सर्व काही छापलेले होते, आणि शेकडो समाधानी ग्राहकांचे अभिप्रायही होते. मी संदेश पाठवून स्पष्ट विचारले की, घरात सीलिअ‍ॅकची मुलगी आहे, हे पीठ तिला चालेल का? उत्तर लगेच आले, “ताई, तुम्ही निर्धास्त राहा, माझ्या स्वतःच्या मुलांना मी हेच देते.” आगाऊ पैसे थेट खात्यात भरल्यास आणखी सवलत होती, ती मी घेतली. पिठाची तीन पाकिटे आणि गोडीच्या पुडीची दोन पाकिटे मागवली.

आता जे सांगते आहे ते नीट वाचावे, कारण फसवणूक त्याच वेळी माझ्या हातात होती आणि मी ती स्वतःच्या हातगुणाच्या खात्यावर जमा केली.

बदामाच्या पिठाच्या कुकीज मी यापूर्वी तीनचार वेळा केल्या होत्या आणि दर वेळी त्यांनी मला रडवले होते. त्या पिठात ग्लुटेन नसल्यामुळे मळलेल्या गोळ्याला चिकाटी येत नाही. लाटायला जावे तर कडा फाटतात, साच्याने कापलेला आकार उचलताना मोडतो, म्हणून गोळा तासभर फ्रिजमध्ये घट्ट करून दोन बटर पेपरच्या मध्ये लाटावा लागतो, किंवा सरळ हातानेच चपटे गोल थापावे लागतात. ओव्हनमधून काढल्यावर त्या इतक्या मऊ असतात की ट्रेवरून लगेच उचलल्या तर तुकडे होतात, पूर्ण गार झाल्यावरच त्या धरतात. एरिथ्रिटॉल साखरेसारखे करपत किंवा कॅरमल होत नाही, त्यामुळे जो काही रंग येतो तो बदामाचा आणि लोण्याचा, आणि खाताना जिभेला किंचित थंड लागते, कारण हा पदार्थ विरघळताना उष्णता शोषून घेतो.

या वेळी यातले काहीही घडले नाही. दोनशे ग्रॅम पीठ, साठ ग्रॅम लोणी, सत्तर ग्रॅम गोडीची पूड आणि एक अंडे एवढेच घेऊन मळले, तर गोळा कणकेसारखा एकसंध झाला. ओढला तर आधी ताणला गेला, मग तुटला. फ्रिजमध्ये न ठेवता पातळ लाटला गेला, साच्याने कापलेल्या चांदण्यांची पाचही टोके शाबूत राहिली. १७० अंश सेल्सिअसला बारा मिनिटांत कडांना तांबूस तकाकी आली, आणि कुकीज ट्रेवरून उचलल्या तेव्हाच त्या कुरकुरीत होत्या. जिभेला थंडावा जाणवला नाही, तेव्हा मी मनाशी म्हटले की ही पूड चांगल्या प्रतीची असावी! इतकी वर्षे कणीक मळणाऱ्या माझ्या हातांना ती कणीकच आहे हे ओळखू आले नाही, याची लाज मला आजही वाटते.

पहिला डबा भाचीकडे गेला. तिने संध्याकाळी दोन चांदण्या खाल्ल्या, रात्री पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या, आणि पुढचे दोन दिवस ती अंथरुणावर मलूल पडून होती. आम्ही सगळ्यांनी, मीही, तिलाच विचारले की शाळेच्या कार्यक्रमात काय खाल्लेस ते खरे सांग. ती रडून सांगत होती की काहीच खाल्ले नाही. तिच्यावर अविश्वास दाखवला आणि डबा तसाच तिच्या उशाशी राहिला, ही गोष्ट पैशांच्या नुकसानीहून मला अधिक लागली आहे.

उलगडा झाला तो सासऱ्यांच्या वहीमुळे. ते खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजून तारखेनिशी वहीत लिहितात, आणि या शिस्तीची आम्ही घरात थोडी थट्टाही करतो. त्या दिवशी दुपारी चहाबरोबर त्यांनी फक्त तीन कुकीज घेतल्या होत्या. आधीचा आकडा ११८ होता, दोन तासांनी तो २३१ झाला. त्यांनी हात धुऊन पुन्हा मोजले, तर तो २२८ आला. मग वही माझ्यासमोर ठेवून ते एवढेच म्हणाले, “सूनबाई, तुमच्या कुकीत साखर आहे.”

मी पाकीट पहिल्यांदा नीट वाचले ते तेव्हा. पिठाच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे ऊर्जा ४३० किलोकॅलरी, स्निग्धांश १८ ग्रॅम, प्रथिने १४ ग्रॅम आणि कर्बोदके ४ ग्रॅम असे आकडे होते. एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे ९ आणि प्रथिने किंवा कर्बोदके यांच्या एका ग्रॅमातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, हे शाळेत शिकवलेले गणित येथे लावून पाहा. स्निग्धांशाच्या १६२, प्रथिनांच्या ५६ आणि कर्बोदकांच्या १६ मिळून २३४ होतात, ४३० होत नाहीत. बाकी राहिलेल्या ऊर्जेला कर्बोदकांखेरीज दुसरी वाट नाही. ४३० मधून २१८ वजा केले तर २१२ उरतात, म्हणजे खरी कर्बोदके ५३ ग्रॅमच्या आसपास. ठकवणाऱ्याने सगळे लेबल खोटे बनवण्याचेही कष्ट घेतले नव्हते, मूळ लेबलावरचा गैरसोयीचा एकच आकडा तेवढा बदलला होता. शिवाय शुद्ध बदामाच्या पिठात शंभर ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम स्निग्धांश आणि २१ ग्रॅम प्रथिने असतात, आणि एकूण २० ते २२ ग्रॅम कर्बोदकांपैकी निम्म्याच्या आसपास तंतू (फायबर) असतात. तेल काढलेले बदामाचे पीठही मिळते, पण त्यात प्रथिनांचे प्रमाण बरेच वाढलेले असते. स्निग्धांशही कमी आणि प्रथिनेही कमी, असे बदामाचे पीठ संभवत नाही. आणि मुळात ज्या बदामाच्या पिठावर कर्बोदके अवघी ४ ग्रॅम लिहिलेली असतील, तेथे तंतू वजा करून उरलेला आकडा एकूण म्हणून तर लिहिलेला नाही ना, हे तपासावे.

गोडीच्या पुडीची युक्ती अधिक धूर्त होती. समोर ‘एरिथ्रिटॉल आणि स्टीव्हिया’ (स्टीव्हिया म्हणजे एका वनस्पतीच्या पानांपासूनचा गोडवा) असे मोठ्या अक्षरांत होते. मागच्या बाजूला चिकटवलेली पट्टी वाफेवर धरून सोडवली, तर खाली घटकांची मूळ यादी निघाली, आणि तिच्यात पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे, दुसरे साखरेचे होते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम बहुतेक देशांत आहे, म्हणजे जे पहिले तेच सर्वांत जास्त. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून बनवलेले असते, चवीला जेमतेम गोड लागते, पण रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजच्या वेगाने वाढवते. मग पाकिटाच्या समोरच्या बाजूला ‘शून्य कर्बोदके’ कसे लिहिले होते? एका वेळचे प्रमाण ०.४ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, धरलेले होते. अमेरिकेच्या नियमांत एका वेळच्या प्रमाणातली कर्बोदके अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतील तर शून्य लिहिता येते, आणि ही सवलत चहात चिमूट टाकणाऱ्यासाठी ठीक असली तरी ७० ग्रॅम पूड घालून कुकीज करणाऱ्यासाठी ती १७५ शून्यांची बेरीज होते, आणि ती बेरीज शून्य नसते.

खात्री करण्यासाठी मी स्वयंपाकघरातच तीन गोष्टी केल्या. पुडीचा अर्धा चमचा कोरड्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर ठेवला. शुद्ध एरिथ्रिटॉल १२१ अंशांच्या आसपास वितळून पाण्यासारखे स्वच्छ होते आणि गार झाल्यावर पुन्हा पांढरे गोठते. माझी पूड आधी गोळा झाली, मग तपकिरी झाली आणि घरभर कॅरमलचा वास सुटला. पीठ थोड्या उकळलेल्या पाण्यात कालवून पूर्ण गार केले आणि त्यावर जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब टाकला. बदामात स्टार्च जवळजवळ नसतो, त्यामुळे थेंबाचा रंग पिवळट तपकिरीच राहायला हवा होता. तो क्षणात निळा-काळा झाला. (ही चाचणी नुसत्या पिठावरच करावी. बेकिंग पावडरमध्ये बहुधा स्टार्च असतो आणि काजूतही तो भरपूर असतो.) शेवटी त्याच पिठाचा पाण्यात घट्ट गोळा भिजवून अर्धा तास झाकून ठेवला आणि नळाच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत धुतला. पांढरे पाणी वाहून गेले आणि बोटांत चिवट, रबरासारखा एक गोळा उरला. ते ग्लुटेन होते. नुसते बदामाचे पीठ असते तर सगळे विस्कटून वाहून गेले असते.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. धुतल्यावर काही उरले नाही, म्हणून पीठ सीलिअ‍ॅकसाठी सुरक्षित ठरत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि एवढे सूक्ष्म प्रमाण हाताला, डोळ्याला किंवा जिभेला कळणे शक्य नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. माझ्या चाचणीने ढळढळीत भेसळ पकडली, इतकेच. त्याचप्रमाणे भाजल्याने ग्लुटेन नाहीसे होते असे आमच्याकडे एका नातेवाइकांनी सांगून पाहिले, तेही खरे नाही. ओव्हनच्या आचेने ग्लुटेन नष्ट होत नाही.

विक्रेतीला मी छायाचित्रांसह कळवले. पहिले उत्तर होते की ओव्हनचे तापमान चुकले असेल, जणू काही तापमान चुकल्याने बदामाचे गहू होतात. दुसऱ्या उत्तरात तपासणीचे प्रमाणपत्र आले. त्यावरचा बॅच क्रमांक माझ्या पाकिटांवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता आणि उत्पादनाच्या नावाच्या जागी नारळाचे पीठ लिहिलेले होते. हे दाखवून दिल्यावर “खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत, ताई” एवढे एक वाक्य आले, आणि त्यानंतर मला ब्लॉक करण्यात आले. मी तिच्या पानावर लिहिलेला अभिप्राय तासाभरात काढून टाकला गेला, तेव्हा ते शेकडो समाधानी ग्राहक कसे उरले होते याचाही उलगडा झाला. पैसे खरेदीचे म्हणून न भरता व्यक्तीला पाठवलेले म्हणून गेले होते, त्यामुळे बँकेने वाद नोंदवून घेण्यास नकार दिला. सवलत त्यासाठीच होती.

अन्नसुरक्षा विभागाकडे लेखी तक्रार केली आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो न उघडलेले पाकीट आहे का हा, कारण उघडलेल्या पाकिटात मीच काही मिसळले असे विक्रेती म्हणू शकते. म्हणून असा माल मागवल्यास एक पाकीट सीलबंद ठेवावे, बॅच क्रमांकाची आणि संपूर्ण संभाषणाची छायाचित्रे विक्रेत्याला जाब विचारण्याच्या आधीच काढून ठेवावीत, आणि प्रमाणपत्र पैसे भरण्यापूर्वी मागावे, तेही त्याच उत्पादनाचे आणि त्याच बॅचचे.

घरात त्या पिठाला लागलेली चाळणी, लाकडी लाटणे आणि लाकडी उलथने मी भाचीच्या वापरातून कायमचे बाद केले, कारण लाकडाच्या फटीत आणि जाळीत अडकलेले पीठ धुऊन पूर्ण जाईल याचा भरवसा धरता येत नाही. तिच्यासाठी आता अख्खे बदाम आणून, वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात थोडे थोडे फिरवून पीठ करते. जास्त फिरवले की तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबत थांबत फिरवावे लागते. गेल्या आठवड्यात त्याच्या कुकीज केल्या. निम्म्या ट्रेवरच मोडल्या. सासऱ्यांच्या वहीत दोन तासांनंतरचा आकडा १२९ आहे. भाचीने पहिली कुकी हातात घेऊन आधी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, “मावशी, तू ही खाल्लीस का?” मी तिच्यासमोर खाल्ली. तिने तिची कुकी तरीही डब्यात परत ठेवली.

तिसरे पाकीट सीलबंदच आहे. विभागाचे लोक नमुना न्यायला येतील तोपर्यंत ते दोन पिशव्यांत गुंडाळून स्वयंपाकघराबाहेर, जिन्याखालच्या कपाटात ठेवले आहे.