काळ्या मातीत कुठली गाडी? जिम्नी, रॉक्स, स्कॉर्पिओ-एन की गुरखा

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी गाडी, घ्यायची म्हटलं की सगळे लडाखचे व्हिडिओ बघत बसतात. आपल्याला सुट्टीत जायचं असतं पाटोद्याच्या डोंगरात, येडशी-रामलिंगला, फार तर माहूर-सहस्रकुंडला. इथं गाडी दगडावर नाही, मातीत अडते. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चाकाला असा गोळा धरते की टायरची नक्षीच दिसेनाशी होते. मग फोर बाय फोर असेल तर दोनाऐवजी चार चाकं जागेवर फिरतात, एवढाच फरक. दोन दिवस ऊन पडू द्या, त्याच वाटेनं स्विफ्टसुद्धा जाते.

म्हणून मी आधी वजन आणि रुंदी बघतो. यात जिम्नीला तोड नाही. जेमतेम १,२०० किलोची गाडी, रुंदी १,६४५ मिलिमीटर. स्कॉर्पिओ-एन १,९१७ मिलिमीटर रुंद आहे. हा वीतभर फरक कागदावर काहीच वाटत नाही. पांदणीत दोन्ही बाजूंनी बाभळी आत आलेल्या असल्या की दारावर काटे करकरतात तेव्हा कळतो. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर आहेत, जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर. पण जागा चारच आणि सगळ्या सीटा वापरात असताना डिक्की २०८ लिटरची. दोन लेकरं, तंबू, गॅसची शेगडी आणि पाण्याचा कॅन म्हटलं की टपावर सामान आलंच. दोघं नवराबायको आणि एक लहान मूल असेल, तर डोळे झाकून जिम्नी घ्या. पाचवं माणूस असेल तर विषय संपला.

गुरखा पाच दरवाजांची याच्या उलट. सात जागा, जमिनीपासून २३३ मिलिमीटर उंची, कारखान्यातूनच स्नॉर्कल (इंजिनाला हवा वरून घेणारी नळी) आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना हातानं लावायचे डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय. एवढी साधनं या चौघींत दुसरीत नाहीत. पण गिअर मॅन्युअलच, आणि शेवटच्या दोन सीटांवर बसायचं तर मागच्या दारातून चढायचं. आमच्या आईला गुडघ्यांचा त्रास. तिनं एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "मी घरीच बरी." गुरखा तिथंच बाद झाली.

उरल्या थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन. दोन्हींत फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं. चिखलात आणि पाण्यात रॉक्स जास्त धीट. कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं सांगते. ओढ्याला गढूळ पाणी असेल तर हा आकडा विसरायचा, आधी काठी घालून तळ बघायचा. पण रॉक्स पाचांचीच. स्कॉर्पिओ-एनला तिसरी रांग आहे, आणि धुळे-सोलापूर महामार्गावर दिवसभर बसायला ती मला जास्त निवांत वाटली. तिसरी रांग उघडली की डिक्की जवळजवळ संपते, हे मात्र पक्कं. आम्ही पाच जण, वर पाचांचं सामान, म्हणून स्कॉर्पिओ-एन घेतली आणि ती रांग कायम पाडून ठेवली. चौघं असतो तर रॉक्स घेतली असती.

आता गाडीत करायचे बदल. पैसे आधी टायरला. एमटी, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या मोठ्या खाचा चिखल फेकून देतात, पण डांबरी रस्त्यावर घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी पडतात. आपला नव्वद टक्के प्रवास डांबरावरच. एटी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे टायर घ्या, तेही कंपनीच्याच मापाचे. बाभळीचा काटा टायरच्या कडेला घुसला तर पंक्चरची पट्टी कामाची नाही, म्हणून पूर्ण मापाची स्टेपनी आणि हवेचा पंप हवाच.

गेल्या भाद्रपदात मामांच्या वावराजवळ गाडी रुतली. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "दोर कुठं बांधू?" ओढायचा हूक टूलकिटच्या पिशवीत, पिशवी डिक्कीच्या तळाशी आणि वर पाच जणांचं सामान. आधी सगळं चिखलात उतरवलं. मग चाक आणि मडगार्डच्या मधला गोळा मामींच्या खुरप्यानं पाऊण तास खरवडला. तेव्हापासून हूक दाराच्या कप्प्यात आणि एक खुरपं सीटखाली असतं.

सस्पेन्शन दोन इंच उचलून देतो म्हणणारे गॅरेजवाले भेटतील. कुटुंबाच्या गाडीला नकोच. म्हाताऱ्या माणसाला चढता येत नाही आणि गाडी वळणावर जास्त कलते. टपावरचा तंबू घ्यायचा तर टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत आधी बघा. आमचा तंबू जमिनीवरचाच. बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गजांवर, डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय. अपघातानंतर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच काढते.

येडशी-रामलिंग आणि नायगाव मयूर ही अभयारण्यं आहेत. तिथं वाट सोडून गाडी घालायची नाही, आणि मुक्काम करायचा तर वनखात्याला विचारूनच.