फिरतीसाठी लॅपटॉप बॅग: १६८० डेनियर नायलॉन की ६०० डेनियर पॉलिस्टर?

सोलापूरकरांना सुताचा हिशोब सांगायला नको, तरी डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे १६८० वालं बॅलिस्टिक नायलॉन जाड असतं आणि घासाघाशीला जबरी टिकतं. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणे गाठायचं, बॅगेत लॅपटॉप, चार्जर, वरून टॉवेलची सॅम्पलं कोंबलेली, रॅकवर ओढाताण, असं ज्यांचं सारखं चालतं त्यांनी सरळ नायलॉनच घ्या. महाग आहे, रिकामी बॅगसुद्धा जड लागते, पण तळाचे कोपरे लवकर फाटत नाहीत.

६०० चं पॉलिस्टर हलकं, स्वस्त, आणि उन्हात नायलॉनपेक्षा कमी खराब होतं, आपल्याकडच्या मे महिन्यात बाइकवर हिंडणाऱ्यांसाठी ही छोटी गोष्ट नाही बरं का. कधीमधी फेरी असेल तर हीच बास.

पण खरं सांगू, कापडाच्या आधी चेन आणि पट्टे जातात. दुकानातच पट्टा जिथे शिवलाय तिथे बघा, दाट आडवी शिलाई पाहिजे, नुसती एक सरळ टीप असेल तर ठेवून द्या. आणि लॅपटॉपचा कप्पा तळापासून थोडा वर असावा, नाहीतर बॅग फरशीवर आपटली की मार थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो.