६५ इंची टीव्ही: ओलेड की मिनी एलईडी?

दुकानाच्या झगमगाटात मिनी एलईडी बाजी मारतो, पण तेवढ्यावर भुलू नका. ओलेडमध्ये फोर-के पडद्याच्या सुमारे ८३ लाख पिक्सेलपैकी प्रत्येक स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही. म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. मिनी एलईडीत मागचे दिवे गटागटाने मंद होतात, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात पांढऱ्या सबटायटलभोवती पुसट प्रभा उरते. एकदा नजरेत भरली की खुपतच राहते! बाजूला बसणाऱ्यांनाही ओलेडच बरा. मात्र खोलीत दिवसभर ऊन असेल किंवा एकच बातम्यांची वाहिनी तासन्‌तास चालत असेल, तर सरळ मिनी एलईडी घ्या. ओलेडवर वाहिनीचा लोगो कायमचा उमटू शकतो. आवाज? बहुतेकदा दोन्हींचा यथातथाच.